काचपट्टीवरच्या तीन जागा

ता. ४ मार्च

तीर्थरूप आत्यास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यापुढे फोन नको, पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम मला आधी जाचकच वाटला. फोनवर माणूस नुसता हं हं करतो आणि सांगायचं ते ठेवून देतो, हे तुझं म्हणणं खरं असेल. पण तुझा आवाज ऐकला नाही तर माझा आठवडा नीट बसत नाही. असो. जिने मला चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बाराखडीपासून शिकवलं तिच्यापुढे माझं काय चालणार? बाकीची मुलं शाळेत छड्या खाऊन शिकली, मी दम्याच्या कृपेने घरी बसून तुझे टोमणे खात शिकले.

माझी बातमी अशी की मला बढती मिळाली आहे. निदान इथे सगळे तिला बढती म्हणतात. आतापर्यंत मी औषधाच्या नॅनोकणांची नुसती मापं घेत होते. आता रुग्णांच्या गाठीचे काप वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे.

हा कण केवढा असतो असं तू मागे विचारलं होतंस. भिंग घासून झालं की काचेवर जी पूड राहते, बोटाला लागत नाही पण उजेडात धरलं की धुकं दिसतं, ती आठव. त्या पुडीच्या कणापुढे आमचा कण म्हणजे हत्तीपुढे उंदीर. चरबीचा इवलासा फुगा, त्याच्या पोटात कॅन्सरचं औषध, आणि अंगावर असे आकडे की ते गाठीच्या पेशीलाच अडकावेत. नेहमीचं औषध रक्तातून सगळीकडे फिरतं आणि सुक्याबरोबर ओलंही जाळतं. हे मात्र थेट गाठीपर्यंत जावं, पेशीच्या आत उतरावं आणि तिथेच फुटावं, अशी योजना. कणांना हिरवा चमकणारा रंग दिलेला असतो, पेशींना नंतर काचेवर निळा. दोन डोस झाले की रुग्णाच्या गाठीतून सुईने एवढासा तुकडा काढतात, त्याचा पातळ काप काचपट्टीवर बसवून आमच्याकडे पाठवतात. पट्टीवर फक्त क्रमांक. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, कुठल्या गावचं, आम्हाला काही कळत नाही. मी पाहायचं आणि सांगायचं, कण पेशींच्या आत आहेत की बाहेर.

आणि आत्या, मी पार हादरले आहे. शिरेत सोडलेल्या शंभर कणांतला एखादा गाठीपर्यंत पोचला तर पोचला. बाकीचे यकृतात नाहीतर प्लीहेत जाऊन बसतात. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण काचेखाली पहिल्यांदा पाहिलं, ते एवढं मोठं निळं रान आणि त्यात हिरवं कुठेतरी चिमूटभर, तेव्हा खुर्ची सोडून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. कुणीतरी त्या चिमटीच्या भरवशावर घरी वाट पाहत असेल, हे काही परीक्षेत विचारलं नव्हतं.

प्रत्येक काप दोघांनी वेगवेगळा वाचायचा असतो. दुसरा वाचणारा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून त्याला सगळे शेजारीच म्हणतात. भला माणूस आहे. त्याला कण नेहमी माझ्यापेक्षा थोडे जास्तच आत दिसतात.

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढाच ठेव. टोमणे थोडे कमी केलेस तरी चालेल.

तुझी,
बारकी

*

ता. ११ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

बढतीबद्दल पाठ थोपटली असं समज. हादरायचं मात्र कारण नाही. मुंगीचा पाय पहिल्यांदा भिंगाखाली पाहिलास तेव्हाही तू अशीच खुर्ची सोडून पळाली होतीस. मी विचारलं होतं काय दिसतं, तू म्हणालीस पाय. मी म्हटलं, पाय हे तुझं डोकं बोलतंय, डोळ्याला विचार. मग नाक ओढत ओढत सांगितलंस की काळं आहे, तीन ठिकाणी वाकलंय, आणि वर केस आहेत. त्या दिवशी तुला सुट्टी दिली होती, कारण माझ्या दृष्टीने तुझं शिक्षण तिथेच पुरं झालं. पुढचं सगळं सरकारला दाखवायला.

इकडे सगळं ठीक. थंडी सरली तरी मी डोक्याला रुमाल बांधते, त्यावरून तुझे काका मला दरोडेखोर म्हणतात. आताशा स्वयंपाकही तेच करतात. मीठ आधी घालतात आणि घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घालतात. मला चव फारशी कळत नाही, तेव्हा आमचा संसार सुखाचा चालला आहे. दुकान मधून मधून बंद ठेवतो. म्हातारपणी तेवढी चैन.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. काही गोष्टी कळल्या नाहीत. जे कण यकृतात जाऊन बसतात ते तिथे काही उपद्रव करतात का? आणि कण आत गेले नाहीत असं तू म्हणालीस, तर त्या माणसाचं पुढे काय करतात? आपलं सहज विचारते. गिऱ्हाइकं येतात, कुणाकुणाच्या घरी आजारपणं असतात, तर चार शब्द सांगता यावेत.

आणि त्या शेजाऱ्याबद्दल. ज्याला नेहमी जास्त आत दिसतं त्याच्या चष्म्याचा नंबर तपासायला हवा. इकडे पाठव, मीही त्याला नीट पाहून घेईन, चष्म्यासाठी आणि इतरही कारणांसाठी.

जेवणाकडे लक्ष दे. माया पाठवते आहे, टोमणे वजा न करता.

तुझी,
आत्या

*

ता. १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शेजाऱ्याचं लग्न झालेलं आहे आणि त्याला दोन मुली आहेत. आता बस स्वस्थ.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. यकृतातल्या कणांचा त्रास बहुतेकांना बेताचा होतो. थकवा येतो, भूक जाते. आणि काप बाहेर ठरला तर त्या माणसाचं हे औषध थांबवतात. पेशीच्या आत जातच नसेल तर ते देत राहून उपयोग नाही, शिवाय जाणारा वेळ त्या माणसाचाच जातो. मग त्यांना जुन्या औषधाकडे नाहीतर शस्त्रक्रियेकडे पाठवतात, जमण्यासारखं असेल तर. हे लिहितानाही मला कसंसंच होतं आहे, कारण याच आठवड्यात मी एका कापाला बाहेर म्हटलं.

क्रमांक तुलाही सांगणार नाही, पण पाहिलं ते सांगते. पेशी निळ्या, गच्च बसलेल्या, आणि त्यांच्यामधल्या फटींमधून हिरवं खूप होतं. इतर कापांत असतं त्याहून पुष्कळ जास्त. कण गाठीपर्यंत पोचले होते, आत्या! एवढा प्रवास करून, यकृताला चुकवून, ते दारापर्यंत आले होते आणि तिथेच थांबले होते. एकही आत नव्हता. मी सगळा काप आडवा पाहिला, उभा पाहिला, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहिला. बाहेरच.

शेजारी म्हणतो, काही आत आहेत. इतकं हिरवं असताना एकही आत नाही असं होईलच कसं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, असं कसं होईल हा प्रश्न काचपट्टीला विचारायचा नसतो. तो हसला आणि म्हणाला, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, एका चष्मेवालीने.

आमचे असे पूर्ण उलट निकाल पहिल्यांदाच आले आहेत. आता आमच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, आम्हा दोघांना एकत्र बसवून तोच काप पाहायला लावतील. ठरत नसेल तर ज्याने बाहेर म्हटलं आहे त्याचं मत आधी ऐकायचं, अशी इथली रीत आहे. चुकून आत म्हणण्यापेक्षा चुकून बाहेर म्हटलेलं बरं म्हणून. म्हणजे जवळजवळ माझ्यावरच आलं.

मला पुन्हा पुन्हा वाटतं, कोण असेल ते माणूस? मग स्वतःलाच रागावते. क्रमांक याचसाठी असतो.

मी बरोबर केलं ना? तू हो म्हणालीस की मला झोप लागते, हे तुला ठाऊक आहे. मायेची नजर असू दे.

तुझी,
बारकी

*

ता. २४ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

बरोबर केलंस.

आज हात जरा दुखतो आहे म्हणून थोडकंच लिहिते. अक्षर वाकडं आलं तर तुला शिकवतानाचा सूड समज.

तुझं पत्र काकांनी वाचून दाखवलं. तो काप तू वर्णन केलास ना, दारापर्यंत आलेलं हिरवं, ते वाचताना ते मध्येच थांबले आणि चष्मा पुसत बसले. चष्मेवाल्याला चष्मा पुसायला एवढा वेळ लागू नये. मी त्यांना म्हटलं, पुढचं वाचा.

त्या माणसाचा विचार तू करू नकोस. ज्याचा काप आहे त्याने विश्वासाने दिलेला आहे, आणि विश्वास तुझ्या डोळ्यावर टाकलेला आहे, मनावर नाही. दोघं एकत्र बसाल तेव्हाही दिसेल तेच बोल. शेजाऱ्याची भीड नको, मोठ्या बाईंची नको, कुणाचीच नको.

झोप आता. खुशाल राहा आणि मला खुशाल ठेव.

तुझी,
आत्या

*

ता. ३ एप्रिल

चि. बारकी हिस आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. चष्मा तयार आहे, येऊन घेऊन जावा, एवढंच आजवर लिहीत आलो. तेव्हा चूकभूल पोटात घाल. हे पत्र मी पोस्टात उभा राहून लिहितो आहे. आत्याला सांगितलं आहे की दुकानासाठी स्क्रू आणायला जातो.

तो काप आत्याचा आहे.

मागच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला तुझीच शपथ घातली. तुझ्या आईबाबांनाही माहीत नाही. पहिल्या औषधाने तिचे केस गेले, तोंड आलं, आवाज असा बसला की तिने फोन बंद केला. गाठ मात्र होती तशीच राहिली. मग इथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले की कणांचं नवीन औषध आहे, पाहायचं का. तिने नाव ऐकलं आणि तिला कळलं की हे तुमचंच. डॉक्टरांनी नेमाप्रमाणे विचारलं, तपासणीच्या कामात नात्यातलं कोणी आहे का. तुझी आत्या, जिने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला न शोभणारी फ्रेम शोभते असं म्हटलं नाही, ती पापणी न लववता नाही म्हणाली. आडनाव वेगळं, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

आता डॉक्टर सांगतात की एक वाचणारा आत म्हणतो आणि एक बाहेर, आठ तारखेला दोघं बसून ठरवतील. त्याच सुमारास तुझं पत्र आलं. मी तिच्यापुढे ते मोठ्याने वाचलं, बारके. पुढचं वाचा म्हणाली, आणि मी वाचलं.

नवीन औषधाने ती निदान चार घास जेवते. भिंतीला न धरता चालते. ते बंद झालं तर पुढे काय, या प्रश्नाला डॉक्टर खिडकीकडे बघून उत्तर देतात.

मी फ्रेम बसवणारा माणूस. काच जराशी मोठी निघाली तर मी कड घासून बसवतो, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं त्यातून छान बघतं. तुला खोटं बोल म्हणत नाही. एकदा परत बघ एवढंच म्हणतो. काठावरचं काही असेल, तर कड जराशी घास.

तिला यातलं काही कळू देऊ नकोस. आठ तारखेपर्यंत फोनही करू नकोस, ती ओळखेल.

तुझा,
काका

*

ता. ८ एप्रिल

ती. आत्यास आणि ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांना मिळून आहे, कारण आता लपवण्यासारखं कुणाकडेच काही उरलेलं नाही. काका, मला माफ करा. मी सांगितलं.

काकांचं पत्र शनिवारी कामावर निघताना हातात पडलं. काकांचं अक्षर पाकिटावर पाहून ते जिन्यातच फोडलं. आत्याचा आहे, हे वाक्य मी वाचलं आणि मला कळेना की कोणत्या आत्याचा. खरंच सांगते. माझी दुसरी आत्या नाही, तरी मी जिन्यात उभी राहून दुसरी आत्या शोधत होते. मग फोन करू नकोस असं लिहिलेलं असूनही फोन केला. आत्या, तू उचललास, आणि कोण बोलतंय असं विचारलंस. तो आवाज तुझा नव्हता. घासलेल्या काचेसारखा होता. मी काही न बोलता ठेवून दिला. ती मीच होते.

ज्या गाठीकडे मी आडवं उभं पाहत होते, जिचं मी तुला हौसेने वर्णन करून लिहिलं, किती हिरवं आहे म्हणून, ती तुझ्या अंगातली होती आणि तू मला बरोबर केलंस असं उत्तर दिलंस. या वाक्याच्या पुढे मला अजूनही जाता येत नाही.

आता रविवारचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

रविवारी दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. किल्ली माझ्याकडे असतेच. खोली अंधारी करून तुझा काप यंत्राखाली लावला. काकांनी म्हटलं म्हणून नव्हे. काका, तुम्ही लिहिलं नसतं तरी मी गेले असते. मी पाहायला बसले आणि मला कण आत दिसले.

आत्या, दिसले. तीन ठिकाणी. एक वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तीन पेशी एकमेकींना टेकून बसल्या आहेत. दुसरी जागा मधल्या मोठ्या फटीच्या खाली, एका लांबट पेशीत. तिसरी अगदी डाव्या कडेला, एक एकटी गोल पेशी आहे, तिच्या पोटात. हिरवे ठिपके, स्पष्ट, आत. मी रडायलाच लागले. आनंदाने. हे मला आधी कसं दिसलं नाही, शेजाऱ्याचं खरं होतं, असं म्हणत मी उठले, तोंड धुतलं, परत येऊन बसले. पुन्हा दिसले.

आणि तेव्हा मला जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. काप तोच होता. आदल्या खेपेला याच तिन्ही जागा मी पाहिल्या होत्या आणि तिथे काही नव्हतं. पट्टीवर काहीच बदललेलं नव्हतं. माझ्या खिशात काकांचं पत्र होतं, एवढाच फरक. मला जन्मभर वाटत आलं की डोळा वेगळा आणि मन वेगळं ठेवणं म्हणजे हात धुण्यासारखं आहे, सवय असली की झालं. तसं नाही. मी खोटं बोलायला निघाले नव्हते. मला खरोखरच दिसत होतं. आज मी मोठ्या बाईंसमोर आत म्हटलं असतं तर शपथेवर म्हटलं असतं.

म्हणून आज सकाळी शेजारी आणि मी बसायच्या आधी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं की हा काप माझ्या आत्याचा आहे आणि मला आता त्यातलं काही धड दिसत नाही. त्यांनी दार लावून घेतलं. मग त्यांनी विचारलं की पहिलं वाचन झालं तेव्हा मला ठाऊक होतं का. मी नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. शेजाऱ्याने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि एवढंच म्हणाला की त्यालाही आपलं मत मागे घ्यायचं आहे, कारण त्याने कधी कुणाचाच काप नुसत्या डोळ्याने, मन बाजूला ठेवून, पाहिलेला नाही. त्याची आई याच आजाराने गेली. हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याची थट्टा करत होते.

आता काप दुसऱ्या गावच्या, आम्हा कुणालाच न ओळखणाऱ्या माणसाकडे जाईल. तो म्हणेल ते खरं. काप वाचायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. पुन्हा मिळेल की नाही ते नंतर. तिसरं वाचन होईपर्यंत मी तुमच्याशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, असं बाईंनी सांगितलं आहे. हे पत्रही त्यांच्याकडेच देऊन ठेवते, वाचन झालं की त्या टपालात टाकतील. निकाल मला कळणार नाही. तुम्हालाच कळेल.

आत्या, तू नात्यातलं कोणी नाही असं सांगितलंस तेही त्यांना सांगावं लागलं. त्यावरून ते औषध काढून घेणार नाहीत, ते फक्त कापावरून ठरेल, असं त्यांनी मला शब्द दिल्यासारखं सांगितलं आहे. पण तुझं खोटं मी उघडं केलं. तुझं एकुलतं एक.

काका, कड घासता आली नाही. मला घासायची होती, हे तुम्ही लक्षात ठेवा.

तुमच्या लोभाला मी पात्र आहे की नाही ते मला आज ठरवता येत नाही. ते तुम्हीच वाचा.

तुमची,
बारकी

*

ता. २२ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि इस्पितळाचं बोलावणं एकाच दिवशी आलं. आधी तुझं पत्र वाचलं. या खेपेला मी स्वतःच वाचलं.

पहिला झटका रागाचा आला, तो सांगून टाकते. तू सांगायला नको होतंस असं नाही. तुला कळायलाच नको होतं. तुझ्या काकांशी मी अबोला धरला. त्यावर त्यांनी मीठ घालणंच सोडून दिलं, तेव्हा नाइलाजाने बोलावं लागलं. त्यांच्यावर रागावू नकोस. पोस्टात उभं राहून पानभर लिहिणं म्हणजे त्यांच्यासाठी डोंगर चढण्यासारखं होतं. आणि त्या दिवशी स्क्रू आणायचेही विसरून आले. चोरी जमत नाही त्यांना.

मी खोटं का बोलले असं तू विचारलं नाहीस, तरी ऐक. हो म्हटलं असतं तर औषध मिळालं नसतं, हे एक. दुसरं असं की पुढेमागे तुझ्यापुढे माझा काप आला तर तो तुझ्या डोळ्याने पाहिला जावा अशी माझी इच्छा होती, आणि मायेने पाहिला जाऊ नये अशीही होती. दोन्ही एकदम हवं होतं. शिकवणीत तू असं म्हणाली असतीस तर मी तुला कोपऱ्यात उभं केलं असतं.

आता इस्पितळाचं. डॉक्टर निकाल सांगायला तोंड उघडणार तोच मी त्यांना थांबवलं. म्हटलं, वाचन झालं की काप इथेच परत येतात ना, मग मला तो दाखवा. ते म्हणाले की असं कुणी मागत नाही. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं काचेतूनच संसार केला आहे, माझ्या अंगातलं मला बघू द्या. ते मला तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. काका दाराशी उभे राहिले. आत यायला तयार होईनात.

पहिल्यांदा मला नीट जुळवताच येईना. मग दिसलं. तू लिहिलं होतंस त्याहून निळं आहे. आणि हिरवं खरंच पुष्कळ. मी म्हणाले, बाई गं! हे सगळं माझ्यात चाललं होतं आणि मी आपली रुमाल बांधून गिऱ्हाइकांना नंबर सांगत होते. स्वतःच्या घरात इतकी वर्षं कुणी बिऱ्हाड करून आहे आणि आपल्याला आज कळतंय, तसं वाटलं.

मी सावकाश पाहिलं. आडवं, मग उभं, जसं तुला शिकवलं होतं तसं. फटींमध्ये होतं. पेशींच्या कडेने होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, बाहेर आहेत. तेव्हा ते म्हणाले की तिसऱ्या वाचणाऱ्यानेही तेच कळवलं आहे.

म्हणजे ते औषध थांबलं. तुझं पहिलं वाचन बरोबर होतं. पत्र खिशात नसताना केलेलं. आता शस्त्रक्रियेचं बघतायत. वेळ हातचा गेलेला नाही, एवढं ते या खेपेला खिडकीकडे न बघता म्हणाले. जून उजाडायच्या आत करतील. पुढचं मलाही माहीत नाही. भीती वाटते, हे तुला लिहून ठेवते. काकांना सांगितलं तर ते स्वयंपाकात काय घालतील याचा नेम नाही.

आणखी एक. तू लिहिलेल्या त्या तिन्ही जागा मी शोधल्या. टेकून बसलेल्या तिघी, फटीखालची लांबट, डाव्या कडेची एकटी. तिन्हीकडे हिरवं अगदी काठाला येऊन थांबलेलं होतं. आत नव्हतं. तसं डॉक्टरांना सांगूनही झालं. ते दिवा लावायला गेले, तर मी त्यांना म्हटलं, जरा थांबा. आणि त्या डावीकडच्या एकटीवर मी डोळा ठेवून बसले. म्हटलं, माझ्या बारकीला इथे काय दिसलं असेल ते आपल्याला दिसतंय का पाहावं.

आणि बारके, दिसलं. क्षणभरच, पण आत.

हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

पहिल्या गाडीने ये. तुझं काम गेलं असेल तर दुकानात काच घासायला माणूस हवाच आहे. राहिलं असेल तर रजा घेऊन ये. पात्र-अपात्र आल्यावर बघू. दारापर्यंत येऊन थांबू नकोस, सरळ आत ये, कडी काढून ठेवते.

तुझी,
आत्या